टेलफरकाका आणि डोरोथीची विहीर

टेलफरकाका सकाळची न्याहारी उभ्यानं करायचे. ओटची पेज, त्यात फक्त मीठ, आणि वाडगा हातात धरून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभं राहायचं, नजर बाहेर मेंढ्यांवर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाला कुठंतरी जायची घाई आहे. घाई अजिबात नव्हती. स्कॉटलंडमध्ये त्यांच्या घरी पेज उभ्यानंच खात, बापही आणि आजाही, आणि का म्हणून कुणी कधी विचारलं नव्हतं. पेजेत साखर घालणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं, आणि त्या यादीत अख्खं इंग्लंड होतं. मी एकदा त्यांना भाताची पेज मीठ-मेतकूट घालून दिली. त्यांनी ती खिडकीपाशी उभ्यानं संपवली, वाडगा धुऊन पालथा घातला आणि म्हणाले, तुमची माणसं बरी दिसतात.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतली. मी नागपूरहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून साउथ डकोटातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी आले होते. अमेरिका म्हटल्यावर मला उंच इमारती दिसायच्या. इथं पाहावं तिकडं गवत, वारा आणि मेंढ्या. आमच्या लॅबकडे त्या भागातल्या विहिरींचं पाणी तपासायचं काम आलं होतं. विहिरी म्हणजे आपल्यासारख्या बांधीव, पायऱ्यांच्या नव्हेत. जमिनीत उतरवलेला पाइप आणि वर पंप. ते काम विद्यापीठाकडे आणलं ते अँगस टेलफर नावाच्या आमदारांनी. आमदार हा माझा शब्द. राज्याच्या विधिमंडळात दोनदा निवडून गेलेला हा माणूस स्वतःची ओळख मात्र मेंढपाळ अशीच करून द्यायचा.

विहिरींच्या कामासाठी वर्षभर मी त्यांच्याकडे ये-जा केली, आणि दर शनिवारी त्यांच्या घरी जेवले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मला नुसतं अँगस म्हण असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पासष्टीच्या माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना, आणि मिस्टर म्हटलं की ते तोंड वाकडं करायचे. शेवटी मी काका म्हणायला लागले. त्याचा अर्थ कळल्यावर ते इतके खूश झाले की पुढच्या आठवड्यात पोस्टातली बाई, पेट्रोल पंपावरचा माणूस, सगळे त्यांना काका म्हणून चिडवत होते.

त्यांचं राजकारण मेंढ्यांच्या हौदात सुरू झालं. हे शब्दशः खरं आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर विशीतला हा मुलगा दुसऱ्याच्या मेंढ्या राखायला अमेरिकेत आला आणि काही वर्षांत त्यानं स्वतःची जमीन घेतली. घराच्याही आधी त्यानं काय बांधलं, तर हौद. जमिनीत खणलेला, माणसाच्या उंचीचा, लांबट, सिमेंटचा. वर्षातून एकदा त्यात औषधाचं पाणी भरायचं आणि एकेक मेंढी एका टोकानं आत ढकलायची. ती पोहत दुसऱ्या टोकाला निघते, आणि काठावर उभा राहिलेला माणूस आकड्याच्या काठीनं तिचं डोकं एकदा पाण्याखाली दाबतो. लोकरीतल्या गोचिड्या, किडे सगळे मरतात. काकांच्या गावी तो सणच असायचा. आजूबाजूचे शेजारी आपापल्या मेंढ्या घेऊन यायचे, काम झालं की चहा, ओटच्या भाकऱ्या आणि गप्पा. काकांनी तो रिवाज जसाच्या तसा डकोटात आणला. शेजाऱ्यांना औषधही फुकट, हौदही फुकट. दिवसभर मेंढ्या बुडायच्या आणि माणसं रस्त्याबद्दल, शाळेबद्दल, डॉक्टर नसल्याबद्दल बोलायची. काका काठी धरून ऐकायचे. असं काही वर्षं चालल्यावर कुणीतरी म्हणालं, अँगस, तूच का उभा राहत नाहीस? आधी ते काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळावर गेले, मग विधिमंडळात.

‘डोकं बुडलं का?’ हा त्यांचा लाडका प्रश्न त्या हौदातूनच आला होता. मेंढी कडेकडेनं, मान वर ठेवून पोहली तर अंग भिजतं, पण कानातले किडे जिवंत राहतात आणि महिन्याभरात सगळा कळप पुन्हा खाजवायला लागतो. म्हणून कुठलंही काम पुरतं झालं की नाही हे त्यांना याच शब्दांत विचारायची सवय होती. मी नमुन्यांच्या बाटल्या गाडीत ठेवत असले की लांबून हाक यायची, पोरी, डोकं बुडलं का? म्हणजे, लेबलं लावलीस का, वेळ लिहिलीस का, झाकणं घट्ट आहेत का. विधिमंडळात म्हणे कुणीतरी रस्त्याच्या योजनेवर पाऊण तास बोललं आणि काम कधी सुरू होणार ते सांगायचं विसरलं. काकांनी उठून तेवढंच विचारलं आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तेच छापून आलं, आणि लोकांना कौतुक वाटलं. पहिल्या अधिवेशनाला ते काठी घेऊन गेले होते, ती दारावरच्या शिपायानं ठेवून घेतली. तेव्हापासून सभागृहात बोलायला उभे राहिले की त्यांचा उजवा हात काठी धरल्यासारखा अर्धा मिटलेला असायचा. बघायला गंमत वाटायची.

दुसरी सवय फाटकाची. कुणाच्याही फाटकातून आत गेलं की ते मागं वळून लावून घ्यायचं, मेंढ्या असोत की नसोत. आणि प्रचाराला गेले तर आत बोलावल्याशिवाय फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. बाहेर उभं राहून टोपी काढायची आणि वाट बघायची. थंडीत, वाऱ्यात, कितीही वेळ.

प्रचारात त्यांच्याबरोबर बहुतेक वेळा डोरोथी असायची. डोरोथी ही त्यांची खालच्या बाजूची शेजारीण, चाळिशीची, गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, बोलायला तिखट. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी पोटाच्या कॅन्सरनं गेला होता. नदीकाठी, दहा-बारा मैलांवर, चामडं कमावण्याचा कारखाना होता आणि त्याचं पाणी नदीत जात होतं. नवरा त्या पाण्यानंच गेला याबद्दल डोरोथीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते. त्या साली काका राज्याच्या वरच्या सभागृहासाठी उभे होते, आणि समोर होता त्याच कारखान्याचा वकील. काकांचा मुद्दा एकच, पाणी. डोरोथी फाटकाफाटकावर सांगायची, माझा माणूस गेला, तुमचा जायच्या आत अँगसला मत द्या. काका तेव्हा टोपी हातात घेऊन खाली बघत उभे असायचे. मला तेव्हा वाटायचं, ते संकोचानं बघताहेत.

नदीकाठच्या विहिरी खरंच खराब निघाल्या. कारखान्यात वापरतात ते क्षार त्यांत होते, त्याबद्दल वाद नव्हता. पण डोरोथीची विहीर नदीपासून लांब, चढावर. तिच्यात ते क्षार नव्हतेच. तिच्यात आर्सेनिक होतं, आणि पुष्कळ होतं. मी नमुना पुन्हा काढला, पुन्हा तपासला. मग काकांच्या विहिरीचा तपासला, तो स्वच्छ. मग दोन विहिरींमधल्या जमिनीतली माती जागोजागी खणून आणली. आकडे डोरोथीकडून काकांच्या हद्दीकडे चढत गेले आणि हौदाच्या खालच्या एका खोलगट जागेत येऊन थांबले. ती जागा माझ्या ओळखीची होती. तिथं गवत उगवायचं नाही. मेंढ्यासुद्धा तिथं जात नाहीत, त्यांना काहीतरी कळतं, असं काकांनीच मला एकदा हसत सांगितलं होतं.

मी कागद घेऊन दुपारची त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते खिडकीपाशी उभ्यानं वाचले, मग मला नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगितलं. त्यानंतर आम्ही दोघं त्या खोलगट जागेपाशी जाऊन उभे राहिलो. सुरुवातीची वीसेक वर्षं हौदात पिवळी पावडर घालत असत, तिच्यात आर्सेनिक असायचं. सगळेच तेव्हा तेच वापरायचे. दिवस संपला की हौदाचं बूच काढायचं आणि पाणी उतारावर सोडून द्यायचं. काकांच्या गावीही तसंच करत.

“आमच्या डोंगरावर बाराही महिने पाऊस,” ते म्हणाले. “ओतलं की ओढा घेऊन जायचा. मी इथं तसंच केलं. इथं पाऊस नाही हे मला दिसत नव्हतं का? रोज दिसत होतं.”

ही रेताड, कोरडी जमीन काही वाहून नेत नव्हती. जे ओतलं ते सगळं खाली मुरलं आणि उताराला धरून डोरोथीच्या पाइपापर्यंत पोचलं. आणि ज्या दिवसांत अख्खा गाव हौदाशी जमून चहा प्यायचा, ज्या दिवसांनी काकांना पुढारी केलं, त्या दिवसांच्या संध्याकाळी ते ओतलं गेलं होतं. त्यांच्या स्वतःच्या विहिरीला त्यातलं काही पोचलं नाही, कारण ती हौदाच्याही वर, चढावर होती. तेवढी वर्षं ते स्वच्छ पाणी पीत होते.

परत घरात आल्यावर त्यांनी विचारलं, हा कागद अजून कुणी पाहिलाय? आमचे प्रोफेसर महिनाभर बाहेरगावी होते, सगळा अहवाल ते आल्यावर जाणार होता. मी तसं सांगितलं.

“मतदान एकोणीस दिवसांवर आहे,” काका म्हणाले. “तेवढे दिवस दे. मी पडलो तर तो वकील जाईल तिथं, आणि नदीकाठच्या विहिरी पुन्हा कुणी तपासणार नाही. हे खोटं असेल तर सांग.”

खोटं नव्हतं. तेच तर अवघड होतं.

“डोरोथी ते पाणी पितेय, काका.”

“आजपासून नाही पिणार. ते माझ्याकडे लागलं.”

मी हो म्हटलं. आज इतक्या वर्षांनी मला त्या ‘हो’ची कारणं पुष्कळ सांगता येतील. मी परक्या देशात विद्यार्थिनी होते, ते वडिलांच्या वयाचे होते, कारखान्याचा त्यांचा मुद्दा खरा होता. पण खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा मला बघवला नाही, म्हणून मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी पेज खाऊन झाली की ट्रकमध्ये दुधाचे दोन मोठे कॅन घालून गावात जायचे, नळाचं पाणी भरायचे आणि डोरोथीच्या दारात ठेवून यायचे. तपासणीसाठी विहिरीत औषध टाकलंय, निवडणुकीपर्यंत पिऊ नको, स्वयंपाकालाही वापरू नको, असं त्यांनी तिला सांगितलं. कॅन जड होते. पासष्टीचा माणूस ते पायरीपर्यंत दोन्ही हातांनी ओढत न्यायचा, रिकामे उचलायचा आणि फाटक लावून घ्यायचा. डोरोथी सगळ्यांना सांगायची, प्रचाराच्या धामधुमीतसुद्धा अँगस मला पाणी आणून देतो, असा माणूस बघितलाय का कुठं? त्याचीही दहा-वीस मतं मिळाली असतील.

लॅबमध्ये माझ्याबरोबर सुधीर होता, पुण्याचा. पुढं आम्ही लग्न केलं. त्यानं आकडे पाहिले होते. एक दिवस कॅन्टीनमध्ये तो म्हणाला, “यार, त्या बाईला फोन कर ना. सिम्पल आहे. रिपोर्ट नंतर सबमिट कर हवं तर.” मी म्हटलं, तिला पाणी जातंय रोज. तो विषय बदलून परीक्षेचं बोलायला लागला. त्यानं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात किराणा दुकानात डोरोथी भेटली. बटाटे निवडत होती. तिच्या तळहातांवर मसुराएवढ्या कडक गाठी होत्या, त्या मी आधीही पाहिल्या होत्या आणि भांडी घासून झालेल्या असतील असं समजले होते. आर्सेनिक वर्षानुवर्षं पोटात गेलं की तशा गाठी येतात, हे आता मला पुस्तकातून माहीत झालं होतं. तिनं सहज विचारलं, “ते तुमचं औषध अजून किती दिवस राहणार गं विहिरीत?”

“दहा दिवस,” मी म्हणाले.

तिनं थँक यू म्हटलं आणि एक चांगला बटाटा उचलून माझ्या पिशवीत टाकला.

काका निवडून आले, थोडक्या मतांनी. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा घरात अभिनंदनाचे केक, गोडधोड, काय काय मांडून ठेवलं होतं आणि कशालाच हात लागलेला नव्हता. निकालाच्या सकाळीच ते डोरोथीकडे जाऊन आले होते. फाटकाबाहेर टोपी काढून उभे राहिले, तिनं हसत आत बोलावलं, तरी आत गेले नाहीत. तिथंच उभ्यानं सगळं सांगितलं. पावडर, हौद, उतार, विहीर. तिच्या नवऱ्याबद्दल कुणालाच नक्की कधी कळणार नाही, हेही सांगितलं.

डोरोथीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, तुला कधी कळलं? त्यांनी तारीख सांगितली.

“काय म्हणाली ती?” मी विचारलं.

“म्हणाली, हौदाचं मी सोडून देईन, अँगस. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण हे एकोणीस दिवस नाही.” काका खिडकीतून बाहेर बघत होते. “वीस वर्षं सोडायला तयार होती, पोरी. मी एकोणीस दिवस धरून बसलो.”

मी घाबरत विचारलं, माझं काय सांगितलंत? कारण डोरोथीनं तेही विचारलं असणार. त्यांनी तिला सांगितलं होतं की मुलीला काही माहीत नव्हतं. “औषधाचं तिलाही मीच सांगितलं होतं, कागद मी दाबून ठेवला,” असं. मी म्हटलं, हे खरं नाही. ते म्हणाले, तुझी डिग्री व्हायचीय, गप्प बस. मी रडले, आणि गप्प बसले.

आठ दिवसांनी गावच्या शाळेत सभा झाली. तिथं त्यांनी तेच सगळं पुन्हा, सर्वांसमोर सांगितलं आणि जागा सोडत असल्याचं पत्र वाचून दाखवलं. हात नेहमीसारखा अर्धा मिटलेला होता. मागून कुणीतरी ओरडून विचारलं, “डोकं बुडलं का?” कुणीच हसलं नाही. काकांनी प्रश्न नीट ऐकल्यासारखी मान हलवली आणि म्हणाले, “नाही. उशीर केला.” मग टोपी घालून बाहेर गेले. त्या जागेवर पुढं कारखान्याचा वकील गेला. नदीकाठच्या विहिरींचा अहवाल आम्ही पाठवला, त्याचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

आता मी टेक्ससमध्ये, प्लेनोत राहते. नळ उघडला की थोडं पाणी वाहू देऊन मगच पेला भरते, आणि घरचे मला हसतात. मुलगी मोठी झाल्यावर तिला मी हे सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “बट आई, तू तरी तिला का नाही सांगितलंस?”

काकांना मी शेवटचं पाहिलं ते त्या सभेनंतरच्या मे महिन्यात. डिग्री झाली होती, टेक्ससमध्ये नोकरी लागली होती, गाडीत सामान भरलेलं होतं. निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले तर घर बंद. परत फिरताना डोरोथीच्या फाटकाबाहेर त्यांचा ट्रक दिसला. सरकारी नळाची लाइन तिच्यापर्यंत अजून आली नव्हती, आणि काका अजून रोज पाणी आणत होते. आता ते खूप वाळले होते. एकेक कॅन पायरीपर्यंत ओढत नेत होते, मध्ये दोनदा थांबत होते. दार बंद होतं. त्यांनी भरलेले कॅन ठेवले, रिकामे घेतले आणि दाराकडे न बघता परत आले. सहा महिन्यांत डोरोथी त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. पाणी मात्र घेत होती.

मला पाहून ते गाडीपाशी आले आणि खिडकीवर हात टेकून वाकले. मी म्हटलं, काका, मी आत जाते आणि तिला सांगते. आत्ता, तुमच्यासमोर.

“माझ्यासाठी जाणार असशील तर नको,” ते म्हणाले. “तिच्यासाठी जाणार असशील तर मी कोण अडवणार?”

मी गाडीच्या दाराच्या मुठीवर हात ठेवला. तेवढ्यात डोरोथी बाहेर आली. तिनं काकांकडे पाहिलंच नाही, ते तिथं नसल्यासारखं. एक कॅन उचलून आत नेला, दुसऱ्यासाठी परत आली, तेव्हा तिला माझी गाडी दिसली. ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर मोकळं हसू आलं आणि तिनं हात उंच करून मला हलवला, गाव सोडून चाललेल्या चांगल्या मुलीला करावा तसा.

मीही हात हलवला. काकांनी ते पाहिलं, माझ्या दारावर दोनदा हळूच थाप मारली आणि डोरोथीचं फाटक लावून घ्यायला वळले.